पेंढीवरचं शेवटचं पाणी : नदीकाठच्या वीस गुंठ्यांचं एक प्रकरण

मामीच्या लघवीच्या तपासणीचा रिपोर्ट मामांनी शर्टाच्या खिशातून काढून माझ्यासमोर उलगडला, तेव्हा त्याच्या घड्या पार विरत आल्या होत्या. डावीकडे औषधांची नावं, उजवीकडे एकेक अक्षर. सिप्रोफ्लॉक्सासिनपुढे ‘आर’, सेफोटॅक्झिमपुढे ‘आर’, को-ट्रायमॉक्साझोलपुढे ‘आर’. ‘आर’ म्हणजे जंतू त्या औषधाला दाद देत नाही. नायट्रोफ्युरॅन्टॉइनपुढे ‘एस’ होता आणि त्याच गोळीनं मामी बरी झाली. पण त्याआधी आठवडाभर ती तापानं फणफणत होती, कारण पहिली दिलेली गोळी लागूच पडली नव्हती.

“तू हेच शिकीवतीस न्हवं कॉलेजात?” मामा म्हणाले. “मग मला एवढंच सांग पोरी, हे आपल्या पाण्यातनं आलं असंल का?”

मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. एका रिपोर्टवरून याचं उत्तर देता येत नाही, हे मला माहीत होतं आणि तसं मी सांगितलंही. असे जंतू दवाखान्यातून येतात, पूर्वी अर्धवट घेतलेल्या गोळ्यांमुळे पोटात वाढतात, घरातल्या एकाकडून दुसऱ्याकडे जातात. नदी कधी न पाहिलेल्या माणसाच्या रिपोर्टवरही हेच ‘आर’ दिसतात. तरी प्रश्न सोडून देण्यासारखा नव्हता. मामी रोज त्या रानात अनवाणी भांगलण करते, आणि तिथली कोथिंबीर कोल्हापुरात लोक कच्ची खातात.

रान, ओढा आणि उपसाबंदी

गाव करवीर तालुक्यात, पंचगंगेच्या काठाला, शहराच्या खालच्या अंगाला आहे. गावाचं नाव देत नाही. भाजी गावाच्या नावावर विकली जाते आणि दोष गावाचा नाही. मामांची सव्वादोन एकर मळीची जमीन. बराचसा ऊस. ओढ्याकडच्या वीस गुंठ्यांत कोथिंबीर, मेथी, पालक, दोन सऱ्या वांगी. बांधाकडेनं म्हशींसाठी हत्ती घास.

ओढा पूर्वी दिवाळीनंतर आटायचा. आता तो बारमाही वाहतो, कारण वरच्या अंगाला शहराचं मैलापाणी शुद्ध करून त्यात सोडतात. खाली येईतो दोन-तीन गटारी आहे तशा त्याला मिळतात. म्हणजे मामांच्या मोटरीला लागतं ते प्रक्रिया केलेलं आणि न केलेलं, असं मिसळीचं पाणी. शुद्धीकरण केंद्र कुठलं, हे मी मुद्दाम बाजूला ठेवते, कारण पुढची गोष्ट बहुतेक कुठल्याही शहराच्या मैलापाणी केंद्राला लागू आहे. अंदाज यावा म्हणून एवढंच सांगते, की कोल्हापूरच्या कसबा बावड्यातल्या केंद्राची क्षमता रोज ७६० लाख लिटरची आणि दुधाळीच्या केंद्राची १७० लाख लिटरची आहे.

या पाण्याला नावं ठेवणं सोपं आहे. पण वैशाखात नदीवर उपसाबंदी लागते, बंधाऱ्यात तळ दिसायला लागतो, तेव्हा हाच ओढा पिकं जगवतो. त्यात नत्र आणि स्फुरद असतं, युरियाचं पोतं वाचतं. “ह्या पाण्यावर ऊस काळाभोर येतो,” मामा म्हणतात, आणि ते खरं आहे. हे पाणी बंद करा असं सांगणाऱ्या माणसाचं रानात कुणी ऐकणार नाही, आणि ऐकूही नये.

केंद्रात काय होतं, काय होत नाही

मैलापाणी केंद्राचं काम घाण खाली बसवणं आणि पाण्यातलं सडणारं द्रव्य जीवाणूंकडून खाऊन घेणं. टाकीत हवा सोडतात, जीवाणू वाढतात, गाळ बसतो, वरचं पाणी क्लोरीन देऊन सोडतात. मोजतात ते बीओडी (सडणारं द्रव्य किती उरलं याचं माप), तरंगता गाळ, विष्ठेतले कोलिफॉर्म जीवाणू. केंद्र सरकारच्या २०१७ च्या अधिसूचनेत १०० मिलिलिटरमागे १,००० कोलिफॉर्मची मर्यादा आहे. राष्ट्रीय हरित लवादानं २०१९ मध्ये ती २३० पर्यंत आवळली. प्रतिजैविकाची, म्हणजे अँटिबायोटिकची, मर्यादा या यादीत कुठेच नाही. बसवलेली यंत्रणाही त्यासाठी बांधलेली नाही.

आपण गिळलेलं औषध सगळं अंगात जिरत नाही. सिप्रोफ्लॉक्सासिनचा बराच भाग, ढोबळमानानं निम्म्याच्या आसपास, लघवीतून आहे तसा बाहेर पडतो. अझिथ्रोमायसिन पित्तावाटे विष्ठेत उतरतं. अमॉक्सिसिलिन पाण्यात लवकर तुटतं. सल्फामेथोक्साझोल तुटत नाही आणि मातीलाही फारसं धरत नाही, ते पाण्याबरोबर पुढे जातं. सिप्रो आणि टेट्रासायक्लिन मात्र गाळाला, चिकणमातीला घट्ट चिकटतात. त्यामुळे पाणी त्या मानानं स्वच्छ निघतं आणि औषध गाळात साठतं. शेजारच्या शेतकऱ्यानं असा वाळवलेला गाळ खत म्हणून ट्रॉलीभर आणून टाकला होता. फुकट मिळाला होता, दिसायला शेणखतासारखा काळा. त्याला मी एकच गोष्ट सांगितली, हा भाजीत घालू नका. मातीला धरलेलं सिप्रो महिनोन्‌महिने टिकतं.

त्या हवेच्या टाकीत आणखी एक गोष्ट होते, आणि माझ्या मते खरं प्रकरण तिथेच आहे. हजारो घरांच्या पोटातले जीवाणू तिथे दाटीवाटीनं एकत्र येतात, भोवती औषधाचा पुसट अंश, खायला भरपूर. औषधाला दाद न देण्याची जनुकं बऱ्याचदा प्लाझमिड नावाच्या सुट्या कड्यांवर असतात. जोतिबाच्या यात्रेत सासनकाठी या खांद्यावरून त्या खांद्यावर जाते, तशी ही कडी एका जीवाणूकडून दुसऱ्याकडे जाते, अगदी वेगळ्या जातीच्या जीवाणूकडेही. क्लोरीननं त्यातले पुष्कळ मरतात. सगळे नाहीत.

दहा गोळ्यांचा हिशेब

मामांना शब्दांपेक्षा हिशेब पटतो. म्हणून वहीच्या पाठीमागे दोन हिशेब मांडले.

पहिला त्यांच्या भीतीचा होता, कोथिंबिरीतून आपण औषध खातो का? झाड मुळावाटे काही औषधं ओढतं, हे खरं. पानांत जास्त, कंदात त्याहून कमी, फळांत सगळ्यांत कमी. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये हे माणसांतही दाखवलं. पुनर्वापराच्या पाण्यावरची भाजी आठवडाभर खाणाऱ्यांच्या लघवीत कार्बामाझेपिन हे फिट्सवरचं औषध वाढलं, गोड्या पाण्यावरची भाजी खाल्ली की उतरलं. ते प्रतिजैविक नव्हे, पण वाट तीच. मात्र मापं बघा. शेतांवरच्या अभ्यासांत प्रतिजैविकं बहुधा नॅनोग्रॅमच्या, म्हणजे मिलिग्रॅमच्या दहा लाखाव्या भागाच्या, घरात सापडतात. समजा एका ग्रॅम पानात १० नॅनोग्रॅम आहे आणि आपण रोज ५० ग्रॅम पानं खातो. रोजचे ५०० नॅनोग्रॅम झाले. ५०० मिलिग्रॅमची एक गोळी पोटात जायला दहा लाख दिवस लागतील, म्हणजे २,७०० वर्षांहून जास्त.

मामांचा चेहरा सैलावला. मी म्हटलं, थांबा.

दुसरा हिशेब जीवाणूंचा. सिप्रोफ्लॉक्सासिनच्या बाबतीत स्वीडनच्या दोन संशोधकांनी २०१६ मध्ये एक रेषा सुचवली. लिटरमागे ६४ नॅनोग्रॅमच्या वर गेलं, की दाद न देणाऱ्या जीवाणूंना इतरांपेक्षा सरशी मिळू शकते. औषध मारत नाही, फक्त निवड करतं. ७६० लाख लिटर पाण्याला या रेषेपर्यंत आणायला किती औषध लागेल? गुणाकार केला तर जेमतेम पाच ग्रॅम. ५०० मिलिग्रॅमच्या दहा गोळ्या. पाचातले चार हिस्से गाळात बसले असं धरलं तरी पन्नास. २०११ च्या जनगणनेत कोल्हापूर शहराची वस्ती साडेपाच लाखांच्या घरात होती. एवढ्या वस्तीत सर्दी-तापाला, जुलाबाला, चिठ्ठीविना घेतलेल्या किती गोळ्या रोज गटारात उतरत असतील, याचा अंदाज मामांनी स्वतःच केला आणि गप्प बसले.

म्हणजे खाणाऱ्याला पानाच्या आत शिरलेल्या औषधाची भीती फारशी नाही. भीती पानाच्या वर बसलेल्या जिवंत जीवाणूची आहे. कोथिंबिरीचं पान हातात घेऊन बघा. कातरलेल्या कडा, देठाजवळ खोबण, पाण्याचा थेंब तिथे तासन्‌तास टिकतो. आणि ती शिजत नाही. मिसळीवर, भेळेवर, पांढऱ्या रश्श्यावर ती शेवटी कच्चीच पडते. झुणका-भाकरीबरोबर कच्ची मेथी तर आपल्याकडे आवडीनं खातात.

थाळीतले गुलाबी ठिपके

ओढ्याचं पाणी आणि कोथिंबीर मी प्रयोगशाळेत नेली. पानं निर्जंतुक पाण्यात खळबळून ते पाणी मॅक्कॉन्की अगारवर, म्हणजे जीवाणू वाढवायच्या थाळीतल्या खाद्यावर, पसरलं. दुसऱ्या दिवशी थाळी गुलाबी ठिपक्यांनी भरलेली, ई. कोलायसारख्या, विष्ठेतून येणाऱ्या जीवाणूंच्या वसाहती. त्यातल्या काही निवडून वेगळ्या केल्या आणि दुसऱ्या थाळीवर कापसाच्या बोळ्यानं एकसारख्या सारवल्या. वर औषधाच्या छोट्या कागदी चकत्या ठेवल्या. औषध लागू पडलं तर चकतीभोवती स्वच्छ गोल उमटतो. काही चकत्यांभोवती तो उमटला होता. सिप्रोच्या चकतीच्या मात्र कडेपर्यंत जीवाणूंचा पांढुरका थर येऊन भिडला होता.

ती थाळी मी मामांना दाखवायला नेली, झाकण चिकटपट्टीनं बंद करून. त्यांनी ती उन्हाकडे धरली, बराच वेळ फिरवून पाहिली. मामीच्या रिपोर्टवरचा ‘आर’ म्हणजे हेच का, एवढंच विचारलं. मी म्हटलं, ‘आर’ म्हणजे हेच. मामीच्या पोटात गेला तो जंतू इथूनच गेला, असं मात्र ही थाळी सांगत नाही. एका दिवसाचा, एका वाफ्याचा नमुना आहे हा.

त्याच दिवशी खोपीतल्या फळीवर मला स्ट्रेप्टोसायक्लिनची जुनी पुडी सापडली. वांग्या-टोमॅटोच्या करप्यावर फवारायला कधीकाळी आणलेली. त्यातही प्रतिजैविकंच असतात, स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिन. केंद्र सरकारनं २०२१ च्या अखेरीस बंदीचा आदेश काढला आणि १ जानेवारी २०२४ पासून शेतीत त्यांचा वापर बंद झाला. पुडी मी काढून घेतली. ओढ्याला बोल लावताना फळीही तपासायला हवी.

चूक कुठे झाली

मी पहिला सल्ला दिला तो पुस्तकातला होता, पालेभाजीचं पाणी बदला. रानाच्या मागच्या अंगाला जुनी विहीर आहे. तिचं पाणी मचूळ आणि कमी. मामांनी खर्च करून तिच्यावर दीड एचपीची मोटर बसवली आणि कोथिंबिरीचे वाफे ओढ्यावरून काढून विहिरीवर घेतले. ऊस ओढ्यावरच राहिला. वीज रात्रीची, त्यामुळे मामा बॅटरी घेऊन दंडावर बसायचे.

तीन आठवड्यांनी मी पुन्हा पेंढी नेली. थाळी पुन्हा गुलाबी, जवळजवळ तशीच.

मला उलगडा होईना. माती जुन्या पाण्यानं भिजलेली आहे, ती कारणीभूत असेल असं वाटलं. तेही थोडं खरं असणार. पण म्हणून एक दिवस मी संध्याकाळी रानातच थांबले. पाचच्या सुमाराला कोथिंबीर उपटली, केळीच्या वाळल्या सोपानं पेंढ्या बांधल्या. मग मामी आणि दोन बायका त्या पेंढ्या घेऊन ओढ्याच्या डोहाकडे गेल्या. मुळांची माती जावी म्हणून एकेक पेंढी पाण्यात बुडवली, झटकली, पुन्हा बुडवली. ओल्या बारदानावर उभ्या रचल्या, वर बारदान झाकलं, त्यावरही ओढ्याचंच दोन घागरी पाणी. पहाटेच्या सौद्याला माल टवटवीत दिसायला हवा. कोमेजलेल्या पेंढीला दर निम्मा.

तीन आठवडे विहिरीचं पाणी प्यायलेलं पीक विकायला निघण्यापूर्वी ओढ्यात आंघोळ करून निघत होतं. वर रात्रभर ओलं, उबदार, झाकलेलं. जीवाणूंना याहून बरी जागा कुठली? मी पाणी कुठून देता हे विचारलं होतं. काढणीनंतर काय करता, हे विचारलं नव्हतं. मामांनीही सांगितलं नाही, कारण त्यांच्या लेखी ते ‘पाणी देणं’ नव्हतंच. ते पेंढी धुणं होतं.

जागतिक आरोग्य संघटनेची २००६ ची मार्गदर्शक तत्त्वं या हिशेबाला उपयोगी पडतात. त्यांत एकेका पायरीवर जंतू किती पटीनं कमी होतात ते दिलं आहे. शेवटचं पाणी आणि काढणी यांत एक दिवस कोरडा गेला, तर उन्हावाऱ्यानं तिपटीपासून शंभरपटीपर्यंत. स्वच्छ पाण्यानं धुतलं तर दहापट. शिजवलं तर जवळजवळ सगळे. ठिबक लावलं आणि फळ जमिनीपासून उंच असेल, तर दहा हजारपट. मामांच्या रानात पाणी बदलण्याची कमाई पेंढी धुताना एका डोहात बुडत होती.

काय बदललं

डोह बंद झाला. विहिरीपाशी निळं प्लॅस्टिकचं पिंप ठेवलं, पेंढ्या त्यात धुवायच्या, पाणी दोनदा बदलायचं. काढणीआधी दोन दिवस वाफ्यात पाणी सोडायचं नाही. मामीला आणि बायकांना गमबूट आणि हातमोजे आणले. मोजे आठवड्यात फाटले, बूट टिकले. भाकरी सोडायच्या आधी साबणानं हात, यावर मामीनं स्वतःच सगळ्यांना धारेवर धरलं.

पुढच्या थाळीवर ठिपके मोजता येतील एवढे कमी होते. संपले नव्हते.

विहिरीला वीस गुंठ्यांचं पाणी नाही. पालेभाजी आठ गुंठ्यांवर आली, उरलेल्या बारा गुंठ्यांत ऊस लावला. ओढ्याच्या पाण्याला ऊस हेच पीक मला योग्य वाटतं. कारखान्यात आणि गुऱ्हाळात रस उकळतोच. काहिलीत गूळ उतरतो तो ११८ अंशांच्या आसपास, तिथे जीवाणू टिकत नाही. मात्र रसवंतीला जाणारा ऊस त्या रानातला नको, तो सोलून कच्चाच पिळला जातो. वाढं (उसाचे शेंडे) आणि हत्ती घास म्हशींना घालायचा, तर पाणी दिल्यावर काही दिवस जाऊ देऊन कापायचा. युरोपीय संघानं जून २०२३ पासून लागू केलेला नियमही असाच पीक बघून ठरवलेला आहे. मातीला-पाण्याला लागणारा आणि कच्चा खाल्ला जाणारा भाग असेल, तर १०० मिलिलिटरमागे ई. कोलाय १० च्या वर नको. औद्योगिक पिकाला १०,००० पर्यंत चालतात. पाणी एकच, पण कोथिंबिरीला घातक आणि उसाला चालणारं. आपल्याकडे मैलापाणी शेतीला देण्याच्या योजना आखताना किती दशलक्ष लिटर आणि किती हेक्टर याच्यापुढे चर्चा जात नाही, याचं मला वाईट वाटतं. कुठल्या पिकाला, कुठल्या पद्धतीनं आणि काढणीच्या किती दिवस आधीपर्यंत, हे त्या कागदावर पहिल्या ओळीत असायला हवं.

मामांचं नुकसान झालं, हे लपवत नाही. आठ गुंठ्यांतली कोथिंबीर वीस गुंठ्यांएवढे पैसे देत नाही, आणि सौद्यात विहिरीच्या पाण्यात धुतलेल्या पेंढीला चार आणेही जास्त मिळत नाहीत. शेजारची पेंढी अजून डोहातच बुडते. तिचा हिरवेपणा आमच्यापेक्षा किंचित जास्तच दिसतो.

गेल्या महिन्यात मामांच्या एका म्हशीला दगडी, म्हणजे कासेची सूज, झाली. डॉक्टरांनी सडात औषधाच्या नळ्या सोडल्या, तीन दिवस इंजेक्शनं दिली, दूध डेअरीला घालू नका म्हणाले. दूध मामांनी बाजूला ठेवलं. चौथ्या दिवशी त्यांचा फोन आला.

“पोरी, म्हशीला दिल्यालं औषध शेणात उतरतंय का?”

उतरतं, मी म्हटलं. कुठलं औषध आहे त्यावर कमी-जास्त, पण उतरतं.

बराच वेळ फोनवर नुसता वाऱ्याचा आवाज. मग म्हणाले, “उकिरडा हिरीच्या वरच्या अंगाला हाय.”

मी त्या विहिरीच्या पाण्याच्या चार थाळ्या केल्या होत्या आणि उकिरडा एकदाही बघितला नव्हता. रविवारी गेले, तेव्हा मामा आणि त्यांचा मुलगा ट्रॉली भरत होते. नवी जागा उतरणीला, ओढ्यापासूनही लांब, खाली मुरूम ठोकून घेतलेली. संध्याकाळपर्यंत सहा ट्रॉल्या झाल्या, अजून तेवढ्याच बाकी होत्या, आणि मामी पिंपाशी बसून सोमवारच्या सौद्याच्या पेंढ्या धुत होती.